गाणं तुमचं, नाव ‘पारंपरिक’

स्वतः गाणं लिहावं, चाल लावावी, स्वतःच गावं आणि उरलेल्या दिवशी दुसऱ्याच्या गाण्यात ढोलकी वाजवून घरभाडं भरावं, असा ज्यांचा बेत आहे त्या होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका. शेळीपालनावर आणि स्पर्धा परीक्षांवर बाजारात हवी तेवढी पुस्तकं मिळतात. लोकगायकीवरची बहुतेक पीएच.डी.साठी लिहिलेली. त्यांत कलगी कोणाची आणि तुरा कोणाचा याचा निवाडा असतो. पण शाल-नारळ देऊन बोळवण झाली तर परतीच्या टेम्पोचं भाडं कोणी भरायचं, याबद्दल चकार शब्द नसतो. ती उणीव इथे भरून काढायचा विचार आहे.

धंद्याची मुख्य अट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. गाणं गावोगाव गेलं, हळदीत वाजलं, शाळेच्या गॅदरिंगला पोरं त्यावर नाचली आणि ‘हे कोणी लिहिलंय हो?’ असं विचारल्यावर सगळे म्हणाले, ‘आमच्याकडे पहिल्यापासून म्हणतात,’ की समजा तुम्ही जिंकलात. गाणं जितकं चांगलं तितके तुम्ही त्यातून लवकर नाहीसे होणार. हे ज्यांना सोसणार नाही त्यांनी वेळीच भावगीताकडे वळावं. तिथे निवेदक असतो, तो प्रत्येक गाण्याआधी कवी, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं घेतो आणि वर एक आठवणही सांगतो.

जन्म कुठे घ्यावा

शक्य असेल तर गाणाऱ्या घरात. प्रल्हाद शिंद्यांच्या घरात आनंद आणि मिलिंद, त्यांच्या पुढच्या पिढीत आदर्श. विठ्ठल उमपांच्या घरात नंदेश. अशा घरांत रियाजासाठी वेळ काढावा लागत नाही, झोपेसाठी काढावा लागत असणार. हा मुहूर्त हुकला असला तरी खचून जाऊ नका. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी घरची वाट सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. ‘मी डोलकर’ लिहिणाऱ्या शांता शेळके काही वेसाव्याच्या बंदरावर जाळी विणत बसलेल्या नव्हत्या. इंदापूरचा जन्म, पुण्यात शिक्षण, पेशाने मराठीच्या प्राध्यापक. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. तरी आज निम्मा महाराष्ट्र ते गाणं कोळ्यांचं जुनं लोकगीत समजूनच म्हणतो. वर सांगितलेल्या अटीत बसलेलं इतकं चोख उदाहरण दुसरं सापडणार नाही. प्राध्यापकबाईंना जमलं, तर तुम्हाला का जमू नये?

मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमीही आहे. तिथे रीतसर शिकता येतं. मात्र प्रमाणपत्र मिळाल्यावर लगेच गावच्या जत्रेत ते दाखवायला जाऊ नका. तिथले लोक आधी आवाज ऐकतात.

वाद्य

एका वाद्यावर भागत नाही. गाणं येतं म्हणून सुपारी मिळते. पण पोट ढोलकी, हलगी, संबळ, दिमडी यांपैकी कशावर तरी चालतं. निदान दोन वाद्यं हाताखाली ठेवा, कारण ऐनवेळी हलगीवाला हळदीला जातो. चामड्याची हलगी पावसाळ्यात नरम पडते, ती जाळावर शेकून घ्यावी लागते. आता फायबरचं पान आणि नटबोल्ट असलेली हलगी मिळते. तिला जाळ लागत नाही, पाना लागतो. जुने वादक तिच्या आवाजाला नावं ठेवतात आणि जुलै महिन्यात तीच वाजवतात.

ढोलकी घेऊन लोकलने जायचं असेल तर लगेजचा डबा पकडा. तिथे मासळीच्या टोपल्या आणि पाट्यांमध्ये जागा होते. क्वचित कोणी ‘वाजवा की जरा’ म्हणतं. वाजवू नका. फुकट वाजवायची सवय इथूनच लागते.

वर्षाचा हिशेब

हा भाग नीट वाचा, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. नोकरदाराला महिन्याची एक तारीख असते, तुम्हाला वर्षातल्या आठ-दहा. १९ फेब्रुवारीला सरकारी शिवजयंती. पुढे फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीची. दोन्हींना पोवाडा लागतो. जन्मतारखेचा वाद सुटावा म्हणून इतिहासकारांनी आयुष्यं वेचली, पण तो सुटू नये असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांत शाहीर मंडळी पहिली.

चैत्रात जत्रा सुरू होतात. कार्ल्याच्या एकवीरेला कोळी-आगरी समाज लोटतो, तेव्हा आईचं नवीन गाणं तयार पाहिजे. जुनं चालत नाही. मागच्या वर्षीचं सगळ्यांचं पाठ झालेलं असतं, म्हणजेच ते आता तुमचं राहिलेलं नसतं. याच सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, कोणता फड किती कलावंतांचा, नवा वग कुठला, हे विचारून घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. होतकरूने एकदा तरी तिथे नुसतं उभं राहून ऐकावं. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात इतक्या कमी वेळात एवढं शिकवत नाहीत.

मग १४ एप्रिल, आंबेडकर जयंती. ही तारीख कागदावर एक दिवसाची, प्रत्यक्षात जयंतीचे कार्यक्रम महिनाभर आणि त्याहूनही पुढे चालतात. एका रात्री दोन ठिकाणी गाणाऱ्या पार्ट्या आहेत. पहिल्या गावात ‘पुढचा कार्यक्रम लांब आहे’ सांगून सुटायचं आणि दुसऱ्या गावात ‘गाडी बंद पडली’ सांगून उशिरा चढायचं. भीमगीताच्या क्षेत्रात उतरण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा: इथला श्रोता चुकीला माफ करत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी या गाण्याची उंची फार वर नेऊन ठेवली आहे. ते शाळेत न गेलेले; अक्षरओळख मोठेपणी मुंबईत झाली. तुम्ही एम.ए. असाल तर तेवढ्यावर विसंबू नका.

मे महिना हळदीचा. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी पट्ट्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठं प्रकरण, आणि तिथल्या गाण्यांचा यूट्यूबवर वेगळा उद्योगच उभा आहे. इथे बेंजो, कच्छी ढोल, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाल्यांनाही काम असतं. जूनपासून पाऊस. तेव्हा लिहायचं. लिहायला सवड मिळावी म्हणूनच देवाने पावसाळा ठेवला, असं समजून घ्या. म्हणजे उधारीचा त्रास कमी वाटतो. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंती, मग गणपती, नवरात्र आणि वर्षाअखेरीस ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी शिवाजी पार्क परिसरातल्या स्टॉलवर एके काळी कॅसेटी विकल्या जात, नंतर सीडी, पुढे गाणी भरलेले पेनड्राइव्ह. त्यांत तुमचं गाणं असलं तर आनंद माना. त्याचे पैसे मागायला गेलात, तर स्टॉलवाला अत्यंत आदराने तुम्हाला चहा पाजेल.

निवडणुका या हिशेबात धरलेल्या नाहीत, त्या बोनस. प्रचारगीताला रोख मिळते आणि जुन्या चालीत फक्त उमेदवाराचं नाव बसवायचं असतं. नाव चार मात्रांचं असेल तर काम तासाभरात होतं. पैसे मतदानाआधी पूर्ण घ्या. निकालानंतर हरलेल्याकडे पैसे नसतात आणि जिंकलेल्याकडे वेळ.

मंचावर

मंचावर गाणं हे दुय्यम काम. मुख्य काम देणगीदारांची नावं वाचण्याचं. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच कार्यकर्ता चिठ्ठी आणि नोट घेऊन वर येतो: अमुक भाऊंकडून पाचशे एक. ते नाव माईकवरून, वडिलांच्या नावासकट आणि न चुकता घ्यायचं. आडनाव चुकलं तर पुढच्या वर्षी सुपारी नाही. भाऊंचे मित्र मग पाचशे दोन देतात, तेही जाहीर करायचं. तासाभराच्या कार्यक्रमात एकेका देणगीदाराचं नाव तीन-तीनदा होतं. ज्याने गाणं लिहिलं त्याचं एकदाही होत नाही. कारण विचारलंत तर उत्तर सरळ आहे: त्याने काही दिलेलं नसतं.

रात्री दहाला पोलीस येतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले काही मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. होतकरूने ते दिवस कुठले हे दरवर्षी बघून ठेवावं, कारण आयोजकाने बघितलेले नसतात. आणि दहाला दहा कमी असताना कुठलं गाणं घ्यायचं हे आधी ठरवा. नवं घेतलंत तर अर्ध्यात राहील. लोकांचं आवडतं घेतलंत तर पोलीसही जरा वेळ थांबून ऐकतात.

स्टुडिओत

आता दुसऱ्या पोटापाण्याकडे. सिनेमाच्या गाण्यात जो संबळ ऐकू येतो तो कोणीतरी वाजवलेला असतो, ही गोष्ट अनेकांना नवी वाटते. हे संबळापुरतंच नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले पाश्चात्त्य वाद्यांचे वादक मोठ्या संख्येने गोव्याहून आले. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्टाफ नोटेशन शिकवत. मुंबईच्या संगीतकारांना सुचलेल्या चाली कागदावर उतरवून शंभर वादकांपुढे ठेवायला सेबॅस्टियन डिसोझांसारखी माणसं लागत. पडद्यावर वादकांची नावं क्वचितच यायची. अपवाद म्हणून एक नाव आलं, तेही कसं पाहा. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन अँथनी गोन्साल्विस असं नाव सांगतो. हे गृहस्थ खरोखरच होते: गोव्यातल्या माजोर्ड्याचे, व्हायोलिनवादक, अरेंजर आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूचं नाव देशभर पोचवलं. देशाला वाटलं, काय मजेशीर नाव शोधून काढलंय!

दुसरं नाव तालातून टिकलं. शंकर-जयकिशन यांच्याकडे ढोलकीच्या बाजूला दत्ताराम वाडकर असत. त्यांनी बसवलेल्या ठेक्याला वादक आजही ‘दत्तू ठेका’ म्हणतात. पुढे ते स्वतंत्र संगीतकार झाले, ‘परवरिश’ त्यांचा. पण रेकॉर्डिंगला ‘दत्तू लावा’ म्हटलं की आज विशीतला पोरगाही नेमकं तेच वाजवतो. ठेक्याला हे नाव कंपनीने दिलं नाही, सरकारने दिलं नाही. बाजूला बसलेल्यांनी नाव घेतलं म्हणून ते राहिलं. या सबंध मार्गदर्शिकेत मला मनापासून आवडलेली हीच एक गोष्ट आहे.

तुमच्या वेळचा स्टुडिओ असा नसेल. शंभर वादकांचा हॉल गेला. काचेच्या खोलीत तुम्ही एकटे, कानांवर हेडफोन आणि त्यात टिकटिक वाजणारा क्लिक. लोकगीताची लय चढत जाते. गोंधळ सुरू होतो तेव्हा एक लय, अंगात येतं तेव्हा दुसरी. सगळी गंमत त्या चढण्यात. क्लिक चढत नाही. गोंधळी घराण्यातला पट्टीचा संबळवादक पहिल्या टेकला क्लिकच्या पुढे निघून जातो आणि काचेपलीकडून आवाज येतो, ‘दादा, टेम्पो सोडला तुम्ही.’ दादांनी टेम्पो सोडलेला नसतो, देवी आलेली असते. हे काचेपलीकडच्या पोराला समजावत बसू नका. शिफ्टचे तास मोजले जात असतात.

स्टुडिओत काही ठराविक फर्माइशी होतात. ‘थोडं गावरान द्या.’ ‘अजून रॉ पाहिजे.’ ‘थोडा मराठी फील डालो.’ हे सांगणाऱ्याने आयुष्यात जत्रा पाहिलेली नसेल, तरी मान डोलवा. तुम्ही आत्ताच वाजवलं होतं तेच पुन्हा वाजवा, जरा मान हलवून. ‘येस, हेच!’ असा आवाज येतो. गाणं कोणाचं, सिनेमा कुठला, हे विचारायची पद्धत नाही. सहा महिन्यांनी रिक्षात ऐकू येतं तेव्हा कळतं.

एक कामगिरी मात्र हातची जाऊ देऊ नये असं वाटेल आणि तीच जाऊ द्यावी असं माझं मत आहे. कोणीतरी बोलावतं, ढोलकीचा एकेक ठोका सुटा वाजवून घेतं, हळू, मध्यम, जोरात. तीन तासांचे पैसे देतं आणि चांगले देतं. त्या ठोक्यांची लायब्ररी होते. त्यानंतर कुठल्याही कीबोर्डवाल्याला ढोलकी हवी असली की ती तुमचीच वाजते आणि तुम्हाला कोणी बोलावत नाही. करायचंच असेल तर तीन तासांचे नाही, पुढच्या सगळ्या वर्षांचे मागा. देणार नाहीत. पण निदान का देत नाहीत ते लेखी मागा.

नाव कुठे घालावं

जुन्या मंडळींनी या प्रश्नावर एक तोडगा काढला होता. नाव गाण्याच्या आतच घालायचं, शेवटच्या कडव्यात. कागद फाटला, वही वाहून गेली, गाणारा बदलला, तरी नाव सुटायचं नाही. ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’ हे त्या काळातलं कॉपीराइटचं कार्यालय. एकनाथांची भारुडं चारशे वर्षं गल्लोगल्ली गायली जातात. सोंगं बदलली, विनोद बदलले, पण मालक कोण याबद्दल वाद नाही. होनाजी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर, या सगळ्या शाहिरांनी हेच केलं आणि वामनदादांनीही हेच केलं.

ही व्यवस्था अभेद्य होती असं मात्र समजू नका. तुकोबांच्या काळात सालोमालो नावाचे एक कीर्तनकार होते. ते तुकोबांचे अभंग घेत आणि नाममुद्रेच्या जागी आपलं नाव बसवत. तुकोबांनी त्यांच्यावर चिडून अभंग लिहिले, ते गाथेत आहेत. म्हणजे सालोमालोंचं नावही आज टिकून आहे, तेही तुकोबांच्याच कृपेने. चोराला अमर करायचं नसेल तर त्याच्यावर गाणं लिहू नका.

आता अडचण अशी झाली आहे की शेवटचं कडवंच कोणी गात नाही. रील अर्ध्या मिनिटाची. त्यात मुखडा येतो, हलगी येते आणि पोरी वळून बघतात, तेवढ्यात संपली. मिरवणुकीत डॉल्बीवर मुखडा चाळीस वेळा वाजतो, अंतऱ्यापर्यंत गाडी जातच नाही. महाराष्ट्राचं राज्यगीत बघा. २०२३मध्ये सरकारने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ स्वीकारलं, ते दोन कडव्यांपुरतं, पावणेदोन मिनिटांच्या आत बसणारं. ते कोणाचं, असं विचारलं तर दहापैकी नऊ जण शाहीर साबळ्यांचं म्हणतात, आणि आवाज त्यांचाच आहे. शब्द राजा बढ्यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. हे शाळेत झेंड्याखाली उभं राहून म्हणणाऱ्या पोरांना कोणी सांगतं का, एवढं एकदा मास्तरांना विचारून बघा.

यावर उपाय ज्यांना आपण नाकं मुरडतो त्या डीजे मंडळींना सापडला आहे. रीमिक्स ऐका. तिसऱ्या सेकंदाला कोणीतरी घोगऱ्या आवाजात डीजेचं नाव उच्चारतं. ढोल पडायच्या आधी पुन्हा. मध्ये पुन्हा. मूळ गाणं लिहिणारा, गाणारा, वाजवणारा गायब. पण आवाज वाढवून देणाऱ्याचं नाव चौथ्या माळ्यावरच्या आजीलाही पाठ. शाहिरांची युक्ती शाहिरांनी सोडली आणि डीजेंनी उचलली. तेव्हा होतकरूंना कळकळीची सूचना: नाव शेवटच्या कडव्यातून काढून मुखड्यात आणा. वृत्त मोडलं तर मोडू दे.

मोबाइलने सगळं वाईटच केलं असंही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन गात. ते मोबाइलवर टिपलेले व्हिडिओ फिरले आणि त्या राज्यभर पोचल्या. चेहरा आणि आवाज एकत्र फिरले म्हणून नावही फिरलं. नुसत्या गाण्याचा ऑडिओ फिरला असता तर खाली ‘पारंपरिक’ लिहून कोणीतरी तो आपल्या चॅनेलवर चढवला असता.

कायदा

छोटा भाग आहे, पण गाळू नका. १९५७चा कॉपीराइट कायदा २०१२मध्ये सुधारला. तेव्हापासून गीतकाराने आणि संगीतकाराने कंपनीला काहीही लिहून दिलं, तरी गाणं पुढे वापरल्याच्या रॉयल्टीतला त्याचा हिस्सा सोडून देता येत नाही; तसा करार केला तरी तो चालत नाही. याच कायद्याचं ५७वं कलम सांगतं की हक्क विकले तरी ‘हे माझं आहे’ असं म्हणायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. गीतकार-संगीतकारांची वसुली करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९पासून आहे. हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं.

ऐकायला किती छान. पण हे सगळं तेव्हाच लागू होतं जेव्हा गाणं तुमचं आहे असं कुठेतरी लिहिलेलं असतं. कॅसेटच्या वेष्टनावर ‘लोकगीत, पारंपरिक’ असे दोन शब्द छापले की वाटणीला कोणी उरतच नाही. कॅसेट कंपन्यांच्या बहराच्या काळात कितीतरी जिवंत माणसांची गाणी अशी परंपरेत जमा झाली. ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या पावतीवर सही करताना गाणारा खूष असे, कारण रोख मिळे आणि त्याच रोखीतून कोरसला द्यायचे असत. आता पावती स्क्रीनवर येते. खाली ‘मला मान्य आहे’ असं बटण असतं. ते दाबल्यावर कधीकधी असंही होतं की स्वतःचंच गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकायला जावं, तर यूट्यूब कळवतं, याचे हक्क दुसऱ्याकडे आहेत. तिथे तुमच्या चॅनेलला जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला साधारण १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तास बघणं लागतं. ते जमवेपर्यंत दुसऱ्याच्या चॅनेलवर तुमचं गाणं लाखांत गेलेलं असतं.

कायद्याची दुसरी बाजू चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ या २०१४च्या चित्रपटात आहे. त्यात एका लोकशाहिरावर खटला भरतात, कारण त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप. शाहिराची भूमिका वीरा साथीदारांची, त्यातल्या गाण्यांमागे संभाजी भगत. गंमत अशी की संपूर्ण चित्रपटात ते गाणं शाहिराचंच आहे याबद्दल सरकार पक्षाला तिळमात्र शंका नाही. खटला भरायचा असला की गीतकार लगेच सापडतो.

म्हातारपण

पठ्ठे बापूराव १९४५ साली हलाखीत गेले. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि अखेरच्या आजारपणात पैशांची ओढाताण झाली तेव्हा त्यांच्या बातम्या झाल्या. विठ्ठल उमप २०१०च्या नोव्हेंबरात नागपुरात दीक्षाभूमीवर, मंचावर असतानाच गेले. या व्यवसायात निवृत्तीचं वय ठरलेलं नाही, असं आपण कौतुकाने म्हणतो. ठरवणं परवडत नाही, हे कारण कोणी सांगत नाही.

सरकारची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यात आता दरमहा ५००० रुपये मिळतात. त्यासाठी पंधरा वर्षं कलेत होतो, हे दाखवावं लागतं. कशाने दाखवणार? गावभर गाजलेल्या गाण्यावर तुमचं नाव नाही. म्हणून पहिल्या कार्यक्रमापासून प्रत्येक पत्रिका, हँडबिल, वर्तमानपत्राचं कात्रण आणि आकाशवाणीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा. सन्मानचिन्हं ठेवली नाहीत तरी चालेल, त्यांवर बहुधा आमदारांचं नाव मोठं असतं.

उरलेल्या सूचना

गाणं पूर्ण झालं की गाऊन दाखवण्याआधी तारीख घालून लिहून काढा आणि फोनवर स्वतःच्या तोंडाने, नाव सांगून, रेकॉर्ड करून ठेवा. आयपीआरएसच्या अर्जात टोपणनाव देणार असाल तर खरं नावही द्या. स्टुडिओत बोलावलं तर गाण्याचं नाव, तारीख आणि वाजवलेलं वाद्य वहीत टिपून ठेवा. कंपनीच्या वहीत ते नसणार. कोणी ‘पारंपरिक’ असं छापायला निघालं तर भांडा, आणि भांडण करायला गाणं सुपरहिट होईपर्यंत थांबू नका, तोवर उशीर झालेला असतो.

आणि आज रात्री कार्यक्रमात दुसऱ्या कोणाचं गाणं घेणार असाल, तर गाण्याआधी त्याचं नाव घ्या. देणगीदारांची यादी नंतर वाचा. दहा वाजले आणि माईक बंद झाला, तर भाऊंचं नाव राहिलं तरी चालेल.